चिमण्यांना बाळसं

बारामती, १० नोव्हेंबर २०२४

कुशाबाईस,

फुलाबाईचा अर्धा आशीर्वाद. उरलेला अर्धा तुझं उत्तर आल्यावर पाठवीन.

पाकीट बघून दचकू नकोस, कुणी गेलेलं नाही. सगळे धडधाकट आहेत. फोन केला की माझा आवाज ऐकून तू ठेवून देतेस, म्हणून हा खटाटोप. मी बोलतेय आणि माझी सून मोना लिहितेय. मी 'हाय' म्हणते, ती 'आहे' लिहिते. म्हटलं, लिही बाई, तुझं शिक्षण तेवढंच कामाला आलं. तू प्रौढांच्या वर्गात जाऊन वाचायला शिकलीस, तेव्हा हे तुझं तूच वाच. संभाजी भावजींच्या हातात देऊ नकोस. ते मोठ्यानं वाचतात आणि पुन्हा पारावर जाऊन सांगतात.

आपण जावा-जावा बोलत नाही हे मी विसरलेली नाही. या घराच्या वास्तुशांतीला, हातात प्रसादाचा द्रोण घेऊन, भरल्या पंगतीत तू म्हणालीस, "एवढ्याशा घरात चिमणीला बी बसाया जागा न्हाय. आक्काचं हितं काय खरं न्हाय." माझ्या दीपकनं कंपनीत रात्रपाळ्या करून घेतलेलं घर! त्यावर मी तुला काय बोलले ते इथं पुन्हा नको. कागद चांगला आहे.

आता कामाचं. माझी नात निकिता पाखरांचा अभ्यास करतेय. एमएस्सीचं शेवटचं वर्ष. विषय असा, की शहर वाढत गेलं की पाखराच्या अंगावर काय परिणाम होतो. म्हणजे शहरातली चिमणी आणि गावातली चिमणी धरायची, पायाचं हाड मोजायचं, वजन करायचं आणि कोण अंगानं बरी ते बघायचं. मला वाटलं, यासाठी कॉलेज कशाला पायजे, कुठल्याही सासूला विचारा. पण नाही, त्याचा मोठा प्रबंध करावा लागतो म्हणे आणि पोरीचं वर्ष त्याच्यावर आहे.

शहरातल्या चिमण्या ती आमच्या बिल्डिंगीमागच्या फरशी घातलेल्या आवारात धरणार. गावातल्या चिमण्यांसाठी तिला पळसदेवचं आपलं जुनं अंगण, म्हणजे आता तुझं अंगण पायजे. मी म्हटलं दुसरं बघ. ती म्हणाली, "आजी, धाकट्या आजीच्या ओसरीला अजून ज्वारीची कणसं टांगलेली असतात. बाकीच्या घरांत आता कुणी टांगत नाही." मग मी मोनाला कागद घ्यायला लावला. त्या आढ्याला पहिलं कणीस मीच बांधलं होतं, तू तेव्हा लग्न होऊन आलीसुद्धा नव्हतीस. 

वनखात्याचा परवाना आहे तिच्याकडे. जाळं केसाहून बारीक असतं, पाखराला इजा होत नाही. धरायचं, तोलायचं, सोडायचं. ती एक रविवार सोडून एक रविवार येईल. जेवू घाल. मेथी करू नकोस, तिला आवडत नाही. आपलं भांडण आपल्यापाशी, त्यात पोरीला घ्यायचं नाही.

तुझी थोरली जाऊ (ते काही मोडता येत नाही),
फुलाबाई

(धाकट्या आत्या, मी मोना. पत्र सांगताना आत्या सारख्या विचारत होत्या, "तिचा गुडघा कसा हाय ते घालू का नको?" शेवटी नको म्हणाल्या. मी विचारते. कसा आहे?)


बारामती, १ डिसेंबर २०२४

कुशाबाईस,

तुझं उत्तर मिळालं. "पत्र पावलं. अंगण हाय. पोरीला धाडा. गुडघा दुखतो." मोनानं कागद उलटून पाहिला, मागं कोरा. पण अक्षर मोठं आहे असं ती म्हणाली. आशीर्वाद पाऊण केलाय. गुडघ्याचं मी विचारलं नव्हतं, तरी सांगितलंस ते बरं केलंस.

पोरगी तुझ्याकडून आली ती खूश. धाकट्या आजीनं हुलग्याचं माडगं केलं, धाकट्या आजीनं जाळ्याचा बांबू धरला, धाकट्या आजीनं असं, धाकट्या आजीनं तसं. मी म्हटलं, मोज तरी नीट, का नुसतं माडगंच प्यालीस?

तिचं काम मी इथं खुर्ची टाकून बघते. चिमणी जाळ्यात सापडली की कापडी पिशवीत घालायची आणि पिशवी छोट्या लटकत्या काट्याला अडकवायची. मग पायाच्या हाडाला सोनाराकडे असते तशी मोजपट्टी लावायची. मग पाखराला उताणं धरून पोटावर फुंकर. पिसं बाजूला झाली की कातडीखाली पिवळी चरबी दिसते, तिला मार्क द्यायचे. शेवटी पायात रंगीत कडी घालून सोडून द्यायचं, म्हणजे पुन्हा सापडली तर ओळखू येते. आपल्या सासूबाई कऱ्हाटीला मला बघायला आल्या तेव्हा याहून बारकाईनं बघितलं होतं. फक्त फुंकर मारली नाही.

वजनाच्या पिशव्या मी शिवून दिल्या. कापड कुठलं विचारशील तर वास्तुशांतीला तू मला भरजरी म्हणून दिलेला तो खण. माझ्या अंगाला लावायची इच्छा नव्हती, म्हटलं चिमणीच्या अंगाला लागू दे. तुझ्या चिमण्यासुद्धा त्यातच बसून तोलल्या जातात. 

पण एक गोष्ट माझ्या मनाला लागली. पहिल्या तोलात आमच्या चिमण्या वीस ग्रॅमच्या आसपास निघाल्या आणि तुझ्या तेवीस. आमच्यांच्या पायाचं हाडसुद्धा आखूड. चरबी म्हणजे नाहीच. निकिता जेवताना हे अगदी सहज सांगत होती, जसं काही बाजारभाव सांगतेय. मी ताट बाजूला सारलं. माझ्या दारातलं पाखरू हडकुळं आणि तुझ्या दारातलं गुबगुबीत, आणि हे प्रबंधात छापून येणार, कॉलेजातली साहेबमंडळी वाचणार! घरातलं पोर वाळलं तर लोक पोराला बोलत नाहीत, घरातल्या बाईला बोलतात.

मी काही केलेलं नाही. सकाळी बाजरी निवडताना थोडी परातीबाहेर सांडली, ती झाडून गच्चीवर टाकली. बस.

फुलाबाई

(आता रोज सांडते. — मोना)


बारामती, २९ डिसेंबर २०२४

कुशाबाईस,

आशीर्वाद पाऊणच आहे. पण चिमण्या वाढल्यात.

काल तोल झाला. आमच्या चिमण्या थेट तुझ्या बरोबरीला आल्या, काही तर पुढं गेल्या! एक आहे लाल कडीवाली. ताटलीपाशी सगळ्यांना चोचीनं हाणते आणि पहिला घास आपण घेते. तिचं नाव मी कुशी ठेवलंय. राग मानू नकोस, सगळ्यांत देखणी तीच आहे.

ताटली म्हणजे काय, डब्याचं एक जुनं झाकण आहे. गच्चीवर आपोआप पडलेलं असतं.

तुझ्या पत्रात तू विचारलंस, "एवढ्यात अशा कशा फुगल्या? काय चारता?" हवा मानवली असेल. शहरात काय कमी आहे! नळाला पाणी, डोक्यावर छप्पर, मीटरच्या पेटीत घरटं. बाकी थंडीचे दिवस, जिवाला ऊब लागते, तेव्हा भिजवलेली बाजरी, शेंगदाण्याचं कूट, तुपाचं बोट लावलेली भाकरी आणि निकितासाठी केलेल्या डिंकाच्या लाडवांचा चुरा, एवढं तर कुणीही देईल. मी देते असं म्हणत नाही. कुणीही देईल असं म्हणते.

एवढंच, की आता त्यांना कंपाउंडच्या भिंतीवर एका दमात चढता येत नाही. आधी नळावर बसतात, दम खातात, मग भिंत. खालच्या मजल्यावरचा बोका आजकाल फार लवकर उठतो.

निकिता कोड्यात पडलीय. "आजी, हाड गावच्या चिमणीपेक्षा आखूड आणि वजन तिच्याइतकं. असं कसं होईल?" मी म्हटलं, माझ्याकडं बघ, मी तरी कुठं उंच आहे? तिचे सर मात्र आनंदात आहेत. म्हणाले, हे काहीतरी वेगळंच निघतंय.

बघ, चिमणीला बसायला जागा आहे इथं. आणि ती बसते तेव्हा झाकण वाजतं.

फुलाबाई

(धाकट्या आत्या, चिमण्यांना पातेलंभर वाढतात आणि स्वतःच्या ताटात अर्धी भाकरी तशीच ठेवतात. विचारलं तर म्हणतात, "एकटीला जेवण जात न्हाय." आम्ही सगळे टेबलावर असतो. त्यांच्या चोळ्या मी दोनदा आत घातल्या. हे त्यांनी लिहायला सांगितलेलं नाही.)


बारामती, २० जानेवारी २०२५

कुशाबाईस,

आज आशीर्वाद अर्ध्यावर आणलाय.

मी एवढी वर्षं एका चुलीवर तुझ्याबरोबर भाकरी भाजली. तू खोटं बोललीस की पापणी न हलवता बोलतेस, हे मला ठाऊक आहे. पण चिमण्यांच्या बाबतीत बोलशील असं वाटलं नव्हतं!

कालच्या रविवारी निकिता तुझ्याकडून आली ती डोकं धरून बसली. म्हणे धाकट्या आजीच्या चिमण्या सत्तावीसच्या वर गेल्या. जाळं लावायच्या आधीच अंगणात रांगेनं येऊन बसल्या होत्या, हाकललं तरी हलेनात. एक तर जाळ्यात अडकली ती तिथंच झोपली. "आजी, चिमण्या माणसाला भितात. या माझ्या पिशवीकडं बघत होत्या."

तिच्याबरोबर तू संक्रांतीचा तिळगूळ पाठवलास. मी मुद्दाम उन्हात नेऊन पाहिला. कुशे, त्यात तीळ कुठंयत? नुसता गूळ! मोनाला दाखवला, दीपकला दाखवला. निकितानं भोळेपणानं सांगितलं, की संभाजी भावजी ओसरीवर बसून कुरकुरत होते, "औंदा घरात तीळ ऱ्हायला न्हाय का शेंगदाणा ऱ्हायला न्हाय, समदं कुठं जातंय त्या ईश्वरालाच ठावं." ईश्वराला ठाऊक असेल नसेल, मला ठाऊक झालं.

तुला लाज नाही वाटत? पोरीचा अभ्यास आहे तो! मी काय करते त्याची गोष्ट निराळी. माझ्या चिमण्या मुळात अशक्त होत्या, त्यांना औषध म्हणून दिलं. तुझ्या तर चांगल्या होत्या. केवळ मला खाली दाखवायचं म्हणून तू त्यांना तीळ चारलेस.

मोना लिहिता लिहिता हसतेय. हिला काय झालंय कुणास ठाऊक. मी बोलते थोडं आणि ही लिहिते फार, असं मला हल्ली वाटतं.

फुलाबाई

(हसू नको तर काय करू? — मोना)


बारामती, ४ फेब्रुवारी २०२५

कुशाबाईस,

हे टपालानं पाठवतेय, निकिताच्या हाती नको. का ते पुढं कळेल.

आता मस्करी बाजूला ठेव आणि चष्मा लावून वाच.

निकिताचे सर पुण्याच्या कुठल्याशा सभेत तिचा अभ्यास मांडायचा म्हणतात. काय मांडणार, तर शहरात आणि खेड्यात दोन्हीकडं चिमण्या जाड होत चालल्यात! पेपरवाले येतील म्हणे. आणि पोरीचा त्यावर विश्वास बसत नाही. रात्रंदिवस काट्याला झोंबलीय. काटा बिघडला असेल म्हणून सोनाराकडं नेऊन तपासून आणला, तो बरोबर निघाला. पिशवीचं वजन वेगळं धरलं नसेल म्हणून माझ्या सगळ्या पिशव्या पुन्हा तोलल्या. कालपासून हवामानाची पुस्तकं काढून बसलीय. ढगांत कारण शोधतेय बिचारी आणि कारण इथं लुगडं नेसून तिच्यासमोर चहा ओततंय.

पुण्याच्या सभेत जाणत्या माणसांनी एक प्रश्न विचारला तरी तिचं हसं होईल. तिचं वर्ष जाईल. ते तू आणि मी मिळून घालवलेलं असेल. संभाजी भावजींनी नाही, सरांनी नाही.

तर ऐक. माघी पौर्णिमेपासून दोघींनी बंद करायचं. तुझी कणसं राहू देत, ती आपल्या घराची चाल आहे आणि ती बघूनच पोरीनं अंगण निवडलंय. वरचं सगळं बंद. तीळ, शेंगदाणे, तूप, लाडू. एकदम दार लावू नकोस, चार दिवस कमी कमी करत जा. जीव आहे तो, आपण लावलेली सवय आहे.

मला ठाऊक आहे तुझ्या मनात काय आलं. आक्का काही बंद करायची नाही, मग मीच का करू? माझ्याही मनात तेच आलं, की कुशी काही बंद करायची नाही. असं दोघी म्हणत बसलो तर चिमण्या कोंबड्यांएवढ्या होतील आणि पोरगी घरी बसेल. म्हणून मी थोरली आहे, मी आधी करते. बाजरीच्या डब्याची किल्ली मोनाच्या हवाली केलीय. तुला विश्वास ठेवावा लागेल. वास्तुशांतीपासून आपल्यात तेवढंच राहिलेलं नाही, हे मलाही कळतं.

पौर्णिमेला कळव.

फुलाबाई

(किल्ली खरंच माझ्याकडे आहे. — मोना)


बारामती, ९ मार्च २०२५

कुशाबाईस,

तुझं पत्र मोनानं वाचून दाखवलं. पुन्हा वाचायला लावलं. तू लिहिलंस ते मी इथं तसंच म्हणते, म्हणजे मला बरोबर कळलं का ते तुला कळेल:

"आक्का, म्या पुनवेला बंद केलं न्हवतं. म्हणलं तुमी बी केलं नसंल. काल पोरगी तोलून झाल्यावर पायरीवर बसली आन म्हणली, धाकटे आजी, मला मोजायाच येत न्हाय, म्या सोडून देनार हाय. मला लई लाज वाटली. आक्का थोरली हाय, तिनं शब्द पाळला आन म्या न्हाय. आजपासनं खरंच बंद. मोनाचं निरोप समदं कळलं."

कुशे, आता माझं ऐक. डब्याची किल्ली मोनाकडं होती हे खरं. दुसरी किल्ली माझ्या कनवटीला होती. मी पहाटे सगळे उठायच्या आत गच्चीवर जात होते. शब्द पाळला असं तू समजलीस आणि तुला लाज वाटली, म्हणून मला तुझ्यापेक्षा जास्त लाज वाटली. दुसरी किल्लीही आता देऊन टाकलीय. तिसरी नाही.

तुझ्याकडून आल्यावर रात्री ती सरांना कागद लिहायला बसली, की मला हे जमत नाही, मी नाव काढून घेते. मी पदर सारखा केला आणि तिच्यासमोर जाऊन बसले. म्हटलं, "निके, तुला मोजता येतंय. चिमण्याच खोट्या हाईत."

"म्हणजे?"

"म्हणजे मी चारते."

तिनं पेन खाली ठेवलं. "काय चारतेस?"

"बाजरी."

"आणि?"

"शेंगदाण्याचं कूट. लाडू."

"तूप पण?"

"तूप पण."

मग हळूच म्हणाली, "धाकटी आजी पण?"

मी म्हटलं, "तिचं तिला विचार, मी चुगली करत न्हाय." आणि लगेच तिळाची सगळी गोष्ट सांगितली.

ती ओरडली असती तर बरं झालं असतं. खोलीचं दार लावून घेतलं. आठवडाभर माझ्याशी बोलली नाही, चहासुद्धा मोनाकडून मागून घेतला. आपण दोघी जशा रुसतो तसंच बघ, अगदी तीच मान. तेव्हा मला कळलं की समोरून ते कसं दिसतं.

हिवाळ्याचे सगळे तोल तिला काढून टाकावे लागले. सरांनी तिला चार शब्द सुनावले, पुण्याची सभा रद्द झाली आणि पुन्हा तोलायला जूनपर्यंत मुदत मिळाली. शाबूत राहिली ती फक्त पायाची हाडं. हाडाला तूप लागत नाही.

काल ती आपणहून येऊन माझ्या खाटेवर बसली आणि मला समजावून सांगितलं. ते मी तुला सांगते. चिमणीचं पिल्लू घरट्यात असतं तेव्हा त्याला दाणा चालत नाही. अळ्या, किडे लागतात. आई दिवसभर ते वेचून आणते. तुझ्या अंगणात माती आहे, शेणकूट आहे, ऊस आहे, अळ्यांना तोटा नाही. आमच्याकडं खाली फरशी आणि वर पत्रा. आई बिचारी शेवेचा तुकडा आणि पावाचा चुरा नेऊन घालते. पिल्लाचं हाड त्या पंधरवड्यात जेवढं व्हायचं तेवढं होतं आणि थांबतं. "आजी, तुझी बाजरी उशिरा पोचते," म्हणाली. "नंतर कितीही चारलंस तरी चिमणी जाड होते, मोठी होत नाही. आणि जाड झाली की बोका."

मी म्हटलं, मग सांगायचं होतंस आधी, मी अळ्या आणल्या असत्या. त्यावर ती हसली. एवढ्या दिवसांनी हसली.

आता बंद केल्यावर आमच्याकडं कसं चाललंय विचारू नकोस. चिमण्या खिडकीच्या जाळीला लटकून आत बघतात. लाल कडीवाली कुशी एकटी गजावर बसते आणि हलत नाही. अगदी तू बघायचीस तशी, मी शेवटची भाकरी कुणाच्या ताटात टाकते ते.

आणि "मोनाचं निरोप" म्हणजे काय? मोना वाचता वाचता तिथं अडखळली आणि तिचा चेहरा विझलेल्या चुलीसारखा झाला. मग सगळं कबूल केलं. म्हणजे मी वर पाऊण आशीर्वाद घालायचा आणि हिनं खाली माझ्या चोळ्यांची मापं घालायची! लिही बाई, आता लपून कशाला, खालची जागा तुझी.

फुलाबाई

(आभारी आहे. आत्या आता पूर्ण भाकरी घेतात, पण अर्धी पदराखाली जाते. मी बघते, बोलत नाही. — मोना)


बारामती, २७ एप्रिल २०२५

कुशाबाईस,

शेवटचा तोल झाला. निकितानं रात्री कागद पुढं घेतला आणि सगळ्यांना वाचून दाखवला. तुला तिनं अंगणात सांगितलंच असेल, तरी माझ्या तोंडून ऐक. तुला त्यातच जास्त आनंद आहे.

तुझ्या चिमण्या हाडानं मोठ्या, वजनानं भारी, पोटाला चरबी. आमच्या चिमण्या लहान, हलक्या, फुंकर मारली तर नुसती कातडी. तू म्हणाली होतीस, हितं काय खरं नाही. तुझं खरं निघालं. आता हे पत्र चौकट करून ओसरीला लाव, कणसांच्या शेजारी. संभाजी भावजींना पारावर वाचू दे, मी आडवी येत नाही.

एवढंच म्हणते, की हलक्या असल्या तरी आमच्या चिमण्या आहेत. मीटरच्या पेटीत, गाड्यांच्या धुरात, चार काड्या आणि प्लॅस्टिकची सुतळी घेऊन संसार मांडतात. निकिता म्हणाली, सरांना ते वाक्य आवडलं, पण प्रबंधात बसत नाही.

चोरी उघडी पडल्याचा एक फायदा झाला. बिल्डिंगीच्या मागच्या कोपऱ्यात निकितानं फरशी उखडायची परवानगी काढली. दीपकनं माती आणून टाकली, मोनानं घेवड्याचा वेल लावला. वेलावर मावा पडला, पानांना अळी लागली. आयुष्यभर मी अळी दिसली की राख टाकली, आता सकाळी उठून अळी आहे ना ते बघते. लाल कडीवाली परवा त्या वेलावरून चोचीत हिरवं काहीतरी वळवळणारं घेऊन गेली. मी टाळी वाजवली तर ते तिच्या चोचीतून पडलं. तिनं ते पुन्हा उचललं आणि माझ्याकडं असं बघितलं, की नाव बरोबर ठेवलंय याची खात्री पटली.

आता दुसरा तोल. चिमण्या सोडल्यावर निकिता मला म्हणाली, "आता तुझा नंबर." दवाखान्यात नेऊन काट्यावर उभी केली. वास्तुशांतीच्या वर्षीचा माझ्या वजनाचा कागद मोनानं जपून ठेवला होता, तो शेजारी धरला. आकडा मी सांगणार नाही. निकिता माझ्या दंडाला हात लावून बघत राहिली, जशी पाखराला बघते तशी. मग म्हणाली, "आजी, शहरातली चिमणी आहेस तू." मी म्हटलं, माझं हाड कऱ्हाटीचं आणि पळसदेवचं आहे, ते आखूड नाही. फक्त वजन गेलंय. म्हणाली, "मग सोपंय. वजन परत येतं."

तुझं पत्र त्याच दुपारी आलं. "उजनी धरनाचं पानी उतारलं. बुडल्या देवळाचा कळस दिसाया लागला. कनसं नवी बांदलीत, पन वरची गाठ मला जमत न्हाय, तुमीच मारायचा. माझा गुडघा हाय तसाच. या." मोनानं वाचलं आणि माझ्याकडं बघितलंच नाही, सरळ माझी पिशवी काढून त्यात लुगडी भरायला लागली. 'या' एवढंच लिहिलंस, पण तुझी आजवरची सगळी पानं मिळूनही त्या एका अक्षराएवढी भरली नव्हती.

तेव्हा येते. रविवारी निकिता सोडायला येईल, इंदापूरला एसटी बदलून. महिनाभर राहीन. ती काटा घेऊनच येणार आहे, माणसांचा. येताना मला तोलणार आणि नेताना पुन्हा तोलणार. आकडा थेट प्रबंधात नाही जाणार, पण मोनाच्या फ्रिजवर चिकटणार, म्हणजे तेच. तर कुशे, तुझ्या अंगणाची सगळी अब्रू आता माझ्या वजनावर आहे. एवढ्या चिमण्या पोसल्यास, आता ही एक म्हातारी पोस.

तुझ्या त्या खणाच्या पिशव्या निकितानं धुऊन परत दिल्या. मी त्या उसवल्या आणि जोडून चोळी शिवली. पाठीवर दोन ठिकाणी चोचीची भोकं आहेत, रफू केलीय. ती घालून येते. जरा सैल ठेवलीय, मुद्दाम.

आशीर्वाद या वेळेला कागदावर घालत नाही. पुरा आहे, मीच घेऊन येते.

तीळ, शेंगदाणे, तूप, काय घरात असेल ते काढून ठेव. हात आखडू नकोस. या खेपेला चारायला निकिताची परवानगी आहे.

फुलाबाई